सहा थरांखालचा निळा

आर्किटेक्ट मॅडमनी भर बाजारपेठेतल्या त्या जुन्या हॉटेलच्या हॉलमध्ये, कमानीखालची भिंत हलक्या हातानं खरवडली. रंगाचे सहा थर गेले आणि तळाशी आभाळी निळा लागला. "हाच मूळ रंग. हॉल पुन्हा असाच करायचा," त्या म्हणाल्या.

काम म्हादबा रंगाऱ्याकडं आलं. पासष्ट वर्षांपूर्वी, हॉटेल नवंकोरं असताना, हा हॉल त्याच्या बापानंच रंगवला होता. मालकाला पांढराशुभ्र हवा होता, म्हणजे चुन्यात नीळ चिमूटभरच. पण हॉल निळा झाला. मालक तोंडाला येईल ते बोलला आणि आठवड्यात त्यावर पांढरा हात फिरवून घेतला. पुढं बाप या रस्त्यानं मान खाली घालूनच जायचा.

म्हादबानं चुन्यात चिमूटभर नीळ घातली, मग थोडी जास्त. वाळल्यावर दोन्ही वेळा मॅडमनी नकारार्थी मान हलवली. तेव्हा त्याला आईचं बोलणं आठवलं. बाप परांचीखाली बादली ढवळत होता, गावाकडून निरोप आला, मुलगा झाला, आणि हातातली अख्खी पुडी चुन्यात पडली.

म्हादबानं नवी पुडी फोडली आणि बादलीत उपडी केली.

दुपारी रंग वाळला. मॅडमनी तो जुन्या रंगाशी ताडून पाहिला. "तंतोतंत. ज्यानं हा निवडला, त्याला नजर होती. कोण असेल हो?"

"आमचा बा," म्हादबा म्हणाला. "मी झालो त्या दिवशी लावलाय त्यानं."