तीन महिन्यांचं टाळं

पंचाण्णवच्या चैत्रात सुनीतीकाकू लेकीचं बाळंतपण उरकून नागपूरहून काशीला परतल्या, तर ब्रह्मा घाटाजवळच्या त्यांच्या भाड्याच्या खोलीपुढे सरकारी इन्स्पेक्टर उभा. भाडेकरू बिऱ्हाड हलवून गेला, तर कायद्याने खोली रिकामी धरली जायची.

"तीन महिने टाळं आहे, साहेब. ही बाई लेकीकडेच राहायला गेली," घरमालक चौबेजी म्हणाले. "मकान खाली है, लिहून टाका."

"लिहा की," काकूंनी पिशवी खाली ठेवली. "पण आधी दार उघडून बघा. आमच्यात बिऱ्हाड हलवताना पहिले देव उचलतात. माझे देव आत बसलेत."

"किल्ली द्या," इन्स्पेक्टर म्हणाला.

"माझ्याकडे नाही."

चौबेजी हसले. "किल्लीच नाही, आणि म्हणे घर माझं!"

तेवढ्यात जिन्यावरून चौबेजींची बायको उतरली. नुकती न्हालेली, एका हातात झेंडूची परडी, दुसऱ्या हातात किल्ली. इन्स्पेक्टरला पाहून तिने पदर सारखा केला.

"आलात दीदी? थांबा, तुमच्या देवांची आंघोळ राहिलीय. हे दुकानावर गेले की रोज घालते. तीन महिन्यांत एक दिवस चुकवला नाही बघा."