सापळ्यातला शब्द

"हा शब्द काढावाच लागेल, सर," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पानावर पेन्सिलीने गोल केला.

समोर बसलेल्या थोरल्या सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. उत्तर टाळायचं असलं की ते चष्मा पुसतात, हे इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत सगळ्यांना पाठ झालं होतं.

शब्द होता वॉर्मस्टेड. अर्थ: नुकतंच कोणी उठून गेल्यावर अंथरुणात मागे राहिलेली ऊब. व्युत्पत्ती: वॉर्म म्हणजे उबदार, स्टेड म्हणजे जागा, जुन्या खलाशी वस्त्यांतला शब्द. उपयोग: 'आईने वॉर्मस्टेडवर हात ठेवला आणि दार लावलं नाही.'

सगळं कसं झकास जमलं होतं. फक्त असा शब्द इंग्रजीत नव्हता.

तो सरांनीच रचला होता. कोश करणाऱ्यांची ही जुनी युक्ती. आपल्या कोशात एखादा खोटा शब्द पेरून ठेवायचा; दुसऱ्या कोणी तो उचलला, की चोर रंगेहाथ सापडतो. सरांचा सापळा वर्षानुवर्षं रिकामाच पडून होता. यंदा मात्र एका प्रकाशकाने आख्खा कोश उतरवून काढला, त्यात वॉर्मस्टेडही गेला, आणि बिचाऱ्याला हात जोडून माफी मागावी लागली. कचेरीत केक कापला गेला. सरांनी मात्र तो तोंडाला लावला नव्हता.

चोर सापडला की सापळा पुढच्या आवृत्तीतून काढून टाकायचा, असा नियम होता. नियम सरांनीच घातलेला. आणि आता तेच अडून बसले होते.

"एक आवृत्ती राहू द्या," सर म्हणाले. "कुणाचं काय बिघडतं?"

"मुलं पाठ करतात तो. परीक्षेत लिहून येतात. खोटं शिकवायचं का त्यांना?"

"शब्द खोटा असेल. ऊब खोटी नाही."

"आपण कोशात ऊब घेत नाही, सर. शब्द घेतो."

कोपऱ्यातल्या मुद्रितशोधकाने मान खाली घालून हसू दाबलं. या दोघांची जुगलबंदी म्हणजे त्याची फुकटची करमणूक. मॅडम दुसऱ्या शहरातून इथे मुख्य संपादक म्हणून आल्या, त्या दिवशी सल्लागार म्हणून येणारे सर खुर्चीतून उठले होते, "या, मॅडम," म्हणाले होते आणि मग कितीतरी वेळ खाली बसायचंच विसरले होते. कचेरी खूप हसली होती. तेव्हापासून दोघांत कामाखेरीज बोलणं नाही. हट्टाला मात्र दोघंही सारखेच. पेन्सिलसुद्धा ब्लेडनेच तासणार. एकाच गुरूचे चेले दिसतात, असं मुद्रितशोधक म्हणायचा.

चहा आला. मॅडमनी पानावरची नजर न काढता सरांपुढचा साखरेचा कप उचलला आणि आपला बिनसाखरेचा तिथे ठेवला.

"आणि हे उदाहरण," त्या म्हणाल्या. "यात दाराचा काय संबंध? वाक्यातून शब्दाचा अर्थ उलगडायला हवा."

"दाराचा संबंध आहे."

"काय?"

सरांनी चष्मा काढला. पुसला.

"हा शब्द वापरात होता," ते हळूच म्हणाले. "एक बाई वापरायची. रोज सकाळी."

"एकाच माणसाचं बोलणं दाखला म्हणून चालत नाही. हाही तुमचाच नियम."

"हो. फार कडक होते माझे नियम. सगळीकडेच."

मॅडमची पेन्सिल क्षणभर थांबली. त्यांना फार वाईट वाटलं. एका शब्दासाठी इतकं अजिजीने बोलताना त्यांनी या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. पण आज नमतं घेतलं, तर उद्या कुठल्या तोंडाने नियम सांगायचे? त्यांनी वॉर्मस्टेडवर आडवी रेघ मारली आणि पान मुद्रितशोधकाकडे दिलं.

त्याने शब्द काढला, खालची ओळ वर घेतली आणि फाईल छापखान्याकडे धाडून दिली.

"गेलं एकदाचं!" असं म्हणून त्याने डबा उचलला आणि तो जेवायला निघून गेला.

खोलीत दोघंच उरले. सरांनी छत्री शोधली. ती त्यांच्या हातातच होती.

"मी उद्यापासून येणार नाही," ते म्हणाले. "इथे माझं आता काही राहिलेलं नाही."

ते दारापर्यंत गेले. त्यांची ती वाकलेली पाठ बघून मॅडम खुर्चीतून उठल्या.

"सर, खरं सांगा. सापळ्याला कुठलाही शब्द चालला असता. हाच कसा सुचला?"

"सापळा नव्हताच तो. तसं सांगितलं नसतं, तर कोणी छापू दिला नसता."

"मग?"

सर वळले नाहीत. दाराच्या कडीवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"तू पहाटे मागच्या दाराने निघून गेलीस, तेव्हा तुझं अंथरूण अजून गरम होतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, कडी घाल, ती आपल्याला मेली. तुझ्या आईने अंथरुणावर हात ठेवला आणि मला विचारलं, याला तुमच्या इंग्रजीत काही शब्द आहे का हो? मी दिला एक रचून. मग रोज सकाळी तिथे हात फिरवून तोच म्हणायची. आणि दार, पोरी, तिने मरेपर्यंत लावू दिलं नाही."