टाकीवरचं फडकं

पिकप इंद्रभानच्या गॅरेजसमोर उभी होती आणि हिवताप चढल्यागत थरथरत होती. इंजिन मध्येच चढायचं, मध्येच बसायचं. आता बंद पडतंय असं वाटेस्तोवर पुन्हा सावरायचं. बोनेटच्या कडेला ठेवलेला पाना नाचत नाचत खाली पडला.

"कारभारीकाका, हिच्यात आता काही राह्यलं नाही," इंद्रभान म्हणाला.

"तू आंधी पाह्य तर खरं. मंग बोल."

म्हातारा मोठा हेकट. अमडापूरच्या बाजारात याच गाडीतून त्याने वर्षानुवर्षं माल आणला, दुसऱ्या गाडीकडे ढुंकून पाहिलं नाही. पण वर्षभरापासून तिचं काही खरं नव्हतं. दोन मिस्त्री झाले, फिल्टर बदलून झाला, तरी चढ आला की हिचा दम कोंडायचा. शेवटी मुलगा गजेंद्र कातावला. "इंद्रभानले शेवटचं दाखवा. नाही झाली नीट तर तिथूनच भंगारात," असं म्हणाला आणि सोबत बायकोला धाडलं. कारभारीला कळत नव्हतं होय? म्हातारा ऐनवेळी पलटू नये म्हणून सुनेचा पहारा!

सून म्हणजे सुचिता. ती या घरात आली, त्याआधीच सासू झुंबरबाई गेली होती. सुचिताने तिला फोटोतच पाहिलेलं. सासऱ्याशी तिचं बोलणं 'जेवायला वाढू का' एवढंच, आणि त्याचं उत्तर 'हाव'. आजही सबंध वाट दोघं मुकाट बसून आली होती.

इंद्रभानने फिल्टरवरचा हातपंप दाबून पाहिला. चेहरा वाकडा केला. "डिझेलच नीट चढून नाही राह्यलं. थांबा, टाकी सोडून चालवून पाहू. डिझेल हाय का जवळ?"

कारभारीने मागून कॅन काढला, सीटखालून एक हिरवं, विरलेलं फडकं काढलं. इंद्रभानने पुढे केलेल्या बाटलीच्या तोंडावर ते एका हाताने दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने कॅन तिरपा केला. अर्धं डिझेल त्याच्याच पायावर सांडलं.

"मामाजी, मी धरू का?" सुचिता पुढे झाली.

"राहू दे."

इंद्रभानने बाटली बोनेटला टांगली, तिच्यातून नळी थेट इंजिनाकडे जोडली आणि चावी फिरवली. अगं माय! इंजिन असं चालायला लागलं, की पाना पुन्हा बोनेटवर ठेवला तर जागचा हलेना. कारभारीचे डोळे चमकले.

"इंजिन ठणठणीत हाय काका. रोग टाकीत हाय."

टाकी उतरवली. डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला लिंबाएवढा गोळा चिकटला होता. इंद्रभानने तो उकलून धुतला. सूत निघालं. हिरवं सूत. त्याने ते कॅनवर पडलेल्या फडक्याशेजारी धरलं आणि हसायलाच लागला.

"काका, हे फडकंच झडून राह्यलं आत! गाडीचा गळा तुमीच दाबला की हो!" म्हणत त्याने फडकं उचललं आणि कचऱ्याच्या डब्याकडे वळला.

"फेकू नको बे!"

कारभारी एवढ्या जोराने ओरडला की चहाच्या टपरीवरची माणसं वळून पाहायला लागली. त्याने फडकं हिसकून घेतलं. मग खाली मान घालून म्हणाला, "झुंबरबाईचं लुगडं हाय थे."

घरी डिझेल ड्रममध्ये असायचं. त्यात गंज, कचरा. म्हणून गाळल्याशिवाय टाकीत ओतायचं नाही, ही त्या घरची रीत. झुंबरबाई दोन्ही हातांनी फडकं ताणून धरायची आणि हा ओतायचा. ती गेली, तेव्हापासून हा एकटाच ते फडकं सुतळीने टाकीच्या तोंडाला बांधायचा. ते आत घसरायचं, खरबरीत काठाला घासायचं, विरायचं. कोणी मदतीला आलं की 'राहू दे' ठरलेलं. आपण तिची रीत पाळून गाडी जिवापाड जपतोय, असं त्याला वाटत होतं. आता त्याला भरून आलं आणि लाजही वाटली.

तेवढ्यात सुचिताचा फोन वाजला. गजेंद्रचा आवाज असा खणखणीत की कानाला न लावताही ऐकू यावा.

"काय झालं? भंगारवाल्याले बोलावू का? तुह्या हट्टापायी आणखी एक दिवस थांबलो. एकदा दाखवू, मामाजीचा जीव हाय तिच्यात, म्हणत होती ना तू?"

"नका बोलावू. नीट झाली गाडी. घेऊन येतो आम्ही घरी," सुचिता म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

कारभारी तिच्याकडे पाहतच राहिला. पहारा म्हणे!

इंद्रभानने नळी साफ करून टाकी परत बसवली, एक जाळीची गाळणी आणून दिली. "आता कपडा बंद म्हणजे बंद, काका."

कारभारीने फडक्याची घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. कॅन उचलला. मग गाळणी सुचितापुढे केली.

"धर."

सुचिताने ती टाकीच्या तोंडावर दोन्ही हातांनी धरली. म्हातारा ओतेना. ती घाबरली. "चुकलं का मामाजी? सासूबाई कशा धरायच्या?"

"अशीच धरे थे," कारभारी म्हणाला. "पण गप नाही राहे. माह्यं ओतणं होईस्तोवर तिची टकळी चालूच राहे. तू बोल काहीबाही, मी ओततो."