मुलं का रडली

नव्या मुलीनं ताट पुन्हा पुढं सरकवलं. सगळ्या तिला नुसतं ‘नवी’ म्हणायच्या. परवापासून हेच चाललं होतं. पाणी तेवढं प्यायची. अन्नाला बोट लावायची नाही.

“पोट आहे की पेटी?” गृहमाता म्हणाल्या. “कुलूपच लावून बसलीये. संध्याकाळीही असंच केलंस तर दवाखान्यात नेऊन सलाइन लावावं लागेल. सुई टोचतात तिथं, माहितीये?”

नवीला सुईची भीती वाटलेली दिसली नाही. ती उठली, आपलं दूध शेजारच्या मुलीच्या पेल्यात ओतलं आणि जाता जाता तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती मुलगी फिसकन हसली. आल्यापासून नवी सगळ्यांनाच अशी कुरवाळायची, घरातल्या एखाद्या म्हातारीसारखी.

गृहमातांची लेक टेबलाच्या टोकाशी बसून हे पाहत होती. ती कॉलेजात शिकायची आणि आईबरोबर इथंच वसतिगृहात राहायची. मुली तिला ताई म्हणायच्या. नव्या मुलींचे केस कापायचं काम तिचंच. आईची बोटं आखडलेली, कात्री धरवत नसे. डोंगरातून येणाऱ्या मुलींच्या डोक्यात उवा असतात, एकीच्या झाल्या की सगळ्यांच्या होतात. म्हणून आल्या आल्या केस कानांच्या वर. नियमच होता.

नवीची वेणी कापण्याआधी मात्र ताईनं ती क्षणभर हातात धरली होती. आदल्या संध्याकाळी नवीच्या आईनं फाटकाशी उभ्या उभ्या ती घालून दिली होती. शेवटचा पेड सोडायची, पुन्हा घालायची, पुन्हा सोडायची. वेणी संपली की निघावं लागणार होतं. मग ती शेवटच्या गाडीनं डोंगराकडे परतली. सकाळी ताईनं कात्री चालवली. वेणी मांडीत पडली आणि नवीनं असा हंबरडा फोडला की स्वयंपाकाच्या बाई हातात पळी घेऊनच धावत आल्या.

“एवढं काय गं? केसच ते,” ताई तेव्हा म्हणाली होती. “गवतासारखे वाढतील.”

जेवणं उरकली. मुली अंगणात पळाल्या, नवी एकटी खोलीकडे गेली. ताईनं आपले कागद पुढं ओढले. या सेमिस्टरला अमेरिकेचा इतिहास होता आणि शेवटी ‘मी काय शिकले’ ते लिहून द्यायचं होतं. तिनं जीव ओतून लिहिलं होतं. गुलामांचे भरलेले बाजार, यादवी युद्ध, आणि सगळ्यात जास्त, तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं. आईबापांपासून तोडून लांबच्या निवासी शाळांत नेलेली. गेल्या गेल्या केस कापलेली. मुलं आक्रोश करत राहिली, ‘कारण त्यांच्या अस्मितेवर घाला पडला होता.’

हे वाक्य प्राध्यापिकांनी कालच भर वर्गात वाचलं होतं आणि चष्मा काढून ठेवला होता.

“अस्मिता हा तुमचा शब्द झाला. सहा वर्षांच्या पोराला काय ठाऊक अस्मिता? ते का रडलं, तेवढं लिहून आणा.”

ताईला ते काही केल्या सुचत नव्हतं. तिनं तो भाग आईला वाचून दाखवला.

“उवा असतील त्यांच्याही डोक्यात,” आई ताटं रचता रचता म्हणाली. “पोरं रडतात आणि दोन दिवसांत विसरतात.”

“नवी कुठं विसरली?”

“ती हट्टी आहे. खाट दिली तर फरशीवर झोपते. गादी नको, चप्पल नको. संन्यास घेतलाय बाईनं.”

ताईनं भिंतीकडे पाहिलं. खिळ्याला तिची कात्री लटकत होती.

“आई, त्या शाळांत आणि आपल्यात फरक काय गं?”

“आपण? आपण जेवू घालतो,” आई म्हणाली. पण मग तिनंच एका पेल्यात दूध ओतलं आणि लेकीच्या हातात दिलं. “जा, बघ तुझ्या हातून पिते का.”

नवी खाटेशेजारी, उघड्या फरशीवर, पाय पोटाशी घेऊन बसली होती. ताई तिच्याजवळ खाली टेकली.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “आधी तुला विचारायला हवं होतं. छान होती तुझी वेणी.”

नवी तिच्याकडे बघत राहिली. रागानं नाही. काहीतरी विचारायला धीर गोळा करत असल्यासारखी.

“आमच्यात आई मेल्यावरच कापतात,” ती हळूच म्हणाली. परवापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

खिडकीतून अंगण दिसत होतं. मुली खेळत होत्या. सगळ्यांची डोकी एकसारखी कातरलेली. नवीनं त्यांच्याकडे बोट केलं.

“या सगळ्यांच्या मेल्या. माझी कशानं मेली, ताई?”