तासाला बासष्ट

"बासष्ट," मोजणीवाला म्हणाला आणि त्याने वहीत आकडा लिहिला.

थोरलीने मान वळवून पाहिलं. टोपली तिचीच होती. तिने पुन्हा मोजायला सांगितलं. त्याने सगळ्यांदेखत दहा-दहा कॉलरच्या गड्ड्या लावल्या. सहा गड्ड्या झाल्या आणि वर दोन उरल्या. माणूस काही वाईट नव्हता. दुपारपर्यंत सगळे आकडे वर पोहोचवले नाहीत, तर त्याचीही कुणीतरी मोजणी करणार होतं.

थोरलीने चाळीसच शिवल्या होत्या. बावीस वर्षं शर्टाच्या कॉलर शिवणारी बाई बोलता बोलताही मनात मोजत असते. उमेदीच्या दिवसांतसुद्धा तिच्या हातून तासाला बासष्ट कधी निघाल्या नव्हत्या.

मोजणी वर्षातून एकदा व्हायची. दहाला टोपल्या रिकाम्या करायच्या, अकराला मोजायच्या. सगळ्यांत मोठा आकडा येईल ते दुसऱ्या दिवसापासून साऱ्या लाइनचं टार्गेट. ज्यांना ते महिनाभरात जमणार नाही, त्यांनी घर गाठायचं. आणि जिचा आकडा सगळ्यांत लहान, तिने त्याच दिवशी. यावर लाइनने आपला तोडगा काढला होता. त्या एका तासात सगळ्यांनी हातचं राखून शिवायचं. कुणी दोरा तोडायचं, कुणी सुई बदलायचं, थोरली दर चार कॉलरींमागे मनगट चोळत बसायची. चौदा बायका, चौदा टोपल्या, सगळीकडे चाळीस. सगळ्याच सारख्या, मग काढणार कुणाला?

नव्या बाईला यातलं काही सांगायचं नाही, तीन महिने पारखायचं, हा नियम थोरलीनेच घातला होता. एकदा एका नवीने साहेबांच्या कानात सगळं ओतलं होतं, तेव्हापासून. नव्या बाईचा जीव तोडूनही हात चाळीसच्या पुढे जात नाही, त्यामुळे न सांगता भागायचं. थोरलीच्या डाव्या हाताला बसणारी तिची सून कामाला लागून जेमतेम महिना झाला होता. तिलाही थोरलीने सांगितलं नाही. सून झाली म्हणून काय झालं? त्यातून ती घुमी. लग्नाला दीड वर्ष झालं तरी सासूशी कामापुरतं बोलायची. अशा मुलीच्या पोटात काय आहे, ते ओठावर येईपर्यंत विश्वास कसा टाकायचा?

मोजणी झाली की साहेब जिन्यावरून खाली यायचे आणि समजावून सांगायचे. कॉलर पटापट निघाली की शर्ट स्वस्त. शर्ट स्वस्त की खप जास्त. खप जास्त की काम जास्त. सगळ्यांचंच भलं. थोरलीला ते कधी खोटं वाटलं नाही. शर्ट खरोखरच स्वस्त झाला होता. तिच्या मुलाकडे पूर्वी दोन होते, आता सात होते. एवढंच, की तिने सुरुवात केली तेव्हा लाइनवर तीस बायका होत्या. आजही साहेब तेच बोलले, आणि शेवटी म्हणाले की उद्यापासून बासष्ट.

थोरलीने सांगून पाहिलं की मी चाळीसच शिवल्या. पण गड्ड्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. उजवीकडची चष्मेवाली एकोणीस वर्षं तिच्या शेजारी बसत होती, दोघी एकत्रच डबा खायच्या. जाड काचांमागून तिला पन्नासही झेपल्या नसत्या. तिने आपला डबा उचलून पलीकडच्या मशीनवर ठेवला आणि शांतपणे विचारलं,

"किती दिले तुला?"

थोरलीला राग आला नाही. रडूही आलं नाही. दाढ काढण्याआधी हिरडी बधिर करतात, तसं आतून सगळं झालं होतं. एवढंच वाटलं की मोजणीवाल्याने कुठेतरी हातचलाखी केली, आणि ती कुठे केली हे आता शोधूनही उपयोग नाही.

सगळ्यांत लहान आकडा सुनेचा निघाला होता. अठरा. साहेब खाली यायच्या आतच तिने कात्री दिली, ओळखपत्र दिलं, सही केली आणि निघून गेली. थोरलीने पाहिलं आणि पुढची कॉलर सुईखाली घेतली. महिनाभर रोज तासाला चाळीस शिवणारी मुलगी नेमकी आजच अठरावर आली. घरी एक पगार कमी झाला. महिन्याभराने दुसराही जाणार होता, कारण बासष्ट थोरलीलाही जमणार नव्हत्या.

पाच वाजता ती बाहेर आली तेव्हा सून फाटकापाशी उभी होती. सकाळपासून तिथेच होती म्हणे. तिने सासूच्या हातातली पिशवी घेतली. चष्मेवाली आणि बाकीच्या बायका शेजारून गेल्या. रोज रस्ता ओलांडताना एकमेकींना हाक मारणाऱ्या, पण आज थोरली तिथे नाहीच अशा गेल्या.

थोड्या वेळाने थोरलीने विचारलं, "रोज चाळीस होतात तुझ्या. आज काय झालं होतं हाताला?"

"माझ्या हाताला काही नाही झालं," सून म्हणाली. इतकं सलग ती या घरात पहिल्यांदाच बोलत होती. "तुम्ही सारखं मनगट चोळत होतात. मला वाटलं, दुखणं वाढलं, आज आईंना काढतात. म्हणून माझ्यातल्या बावीस तुमच्या टोपलीत टाकल्या. मला काय, कुठेही काम मिळेल. तुम्हाला मात्र आता कुणी काढणार नाही."