उघड्या तारा

शोधांच्या सत्राअखेर बाई तिसरीतल्या मुलांची यंत्रं तपासत होत्या. वायरमनच्या लेकीचं यंत्र साधं होतं: बादली भरली की पाणी दोन तारांच्या टोकांना टेकणार आणि बझर वाजणार. बादली रिकामी असतानाच बझर बोंबलू लागला. मागे उभ्या बापाच्या लगेच लक्षात आलं. सकाळी उघड्या तारा दिसताच त्याने सवयीने त्या जोडून टेप गुंडाळली होती. मोठ्यांनी मदत केली तर यंत्र बाद, असा नियम होता. बाईंनी शिकवल्याप्रमाणे लेक न रडता तारेवरून बोट फिरवत टेपपाशी थांबली. “बाबा, हे तुमचं काम?” सगळा वर्ग वळला. “हो गं,” तो कसाबसा म्हणाला. तिने टेप सोलली, टोकं दूर केली, बादली भरली. बझर वेळेवर वाजला. “मग बाद, बाई?” बापाने विचारलं. बाई म्हणाल्या, “तुम्ही मदत केलीत कुठे?”