सातवा अध्याय

आमच्या महाराजांच्या पोथीला वाळवी लागली, तेव्हा अर्जुनरावांनी हळदकुंकू वाहून ती नांदेडला गोदावरीत सोडली. पुन्हा छापलेली कुठं मिळत नव्हती, पण टॅबमध्ये रीतसर विकत घेतलेली होती, मग काळजी कसली? श्रावणातलं पारायण ते त्यावरूनच वाचत. सातव्या अध्यायाच्या दिवशी रहमतबी दरवर्षीसारखी मलिद्याचं ताट घेऊन मठात आली. त्या अध्यायात महाराज पुरात अडकतात आणि तिच्या पणजोबाच्या घरी, त्याच्याच ताटात जेवतात. तो वाचून झाला की तिच्या हातचा मलिदा सगळ्यांनी खायचा, ही गावची रीत. अर्जुनरावांनी पान सरकवलं. वर ‘अध्याय सातवा’ होतं, खाली ओव्या मात्र आठव्याच्या. ते मागं गेले, पुढं गेले. पूर नव्हता, जेवण नव्हतं. सुनेनं टॅब घेऊन पाहिला. “मामा, सुधारित आवृत्ती आपोआप आलीय. आक्षेपार्ह मजकूर वगळला म्हणून लिहिलंय.” “जुनी आण की परत.” “ती आता कुठंच न्हाई.” रहमतबी म्हणाली, “भाऊ, इतकी वर्षं वाचून राहिलात. तोंडानं म्हणा.” अर्जुनरावांनी डोळे मिटले. दोन ओव्या आल्या, तिसरी अडली ती अडलीच. मागून एक तरणा आवाज आला, “काका, पोथीत हाय तेच वाचा.” त्याला कुणीच गप्प केलं नाही. अर्जुनराव आठवा अध्याय सातवा म्हणून वाचू लागले. मलिद्यावरचं फडकं न काढताच रहमतबी उठली.